रेहानाच्या अम्मीचा अबोला

यंदाही दसऱ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलं. विषय नेहमीचाच, गच्चीवर गाद्या कोणी आणि कुठवर पसरायच्या. 'गच्ची सर्वांची आहे, फक्त आपल्या ढेकणांची नाही,' असं एका काकांनी लिहिलं. 'ढेकूण आपल्याच घरून आले होते, ऊन दाखवून परत पाठवतो आहोत,' असं समोरच्या विंगेतून उत्तर आलं. मग दोघा-चौघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि दुपारपर्यंत गच्ची गाद्यांनी भरून गेली.

मी वर गेले होते ती पाण्याची टाकी बघायला. पाऊस जाऊन फार दिवस झाले नव्हते, पण ऊन असं की अनवाणी पाऊल टेकवायची सोय नव्हती. वर्षभर माणसांखाली दबलेला कापूस हळूहळू फुगत होता आणि त्याचा तो वास सुटला होता. थोडा धुळीचा, थोडा डोक्याच्या तेलाचा, बाकी नुसता उन्हाचा. एका गादीचे टाके उसवले होते. दाभणाने घातलेले ते जाड टाके बघत मी उभी राहिले आणि मला बशीरभाई आठवले. दर ऑक्टोबरात आठवतात. गाद्या दिसल्या की गादीवाला आठवायचाच, त्यात माझं काही कौतुक नाही.

मी काय काम करते हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. सासरच्या मंडळींत मी 'मेंदूची डॉक्टर' आहे आणि माहेरी 'वेड्यांची'. मी दोन्ही नाही. एका इस्पितळाच्या मेंदूविकार विभागात मी संशोधन करते. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या उशाशी बसते आणि त्यांना विचारते, काल काय स्वप्न पडलं? मेंदूचा एखादा भाग दुखावला की काहींची स्वप्नं बदलतात, काहींची साफ थांबतात. कुठे दुखावल्यावर थांबतात हे मेंदूचं शास्त्र सांगतं. थांबली याचा तो माणूस काय अर्थ लावतो, हे मनोविश्लेषण विचारतं. या दोन शास्त्रांचं एकमेकांकडे फारसं जाणंयेणं नाही. मी दोन्ही घरांत वावरते, त्यामुळे दोन्हीकडे मला पाहुणीच समजतात आणि चहा उशिराच मिळतो.

मार्गदर्शकही मला दोन होते. विभागाचे प्रमुख न्यूरॉलॉजिस्ट, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. संगणकावर स्कॅन उघडला की रुग्णाचं नाव विचारायच्या आधी त्याला काय काय जमत नसेल ते सर सांगून टाकत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. "तुमचं ते मनोविश्लेषण चांगलंच आहे," ते मला एकदा म्हणाले, "ओपीडी संपल्यावर वेळ जात नसेल तर." दुसऱ्या बाई, मनोविश्लेषक. शनिवार पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून त्या वर्षानुवर्षं माणसांचं बोलणं ऐकत आल्या होत्या. चपला जिन्यात काढायच्या, बेल एकदाच वाजवायची, आणि वेळेआधी आलात तर तसंच पायरीवर बसायचं. मी सरांचं काही सांगू लागले की बाई म्हणत, "त्यांनी फोटो पाहिला ना? छान झालं. आता तुम्ही माणूस बघा."

बशीरभाई भेटले त्या वर्षीचा ऑक्टोबर फार तापला होता. मार्केट यार्डाकडे झेंडूचे ट्रक जायचे आणि स्वारगेटचा चौक सकाळपासून तुंबलेला असायचा. रिक्षात बसून मी घाम पुसत असे आणि रिक्षावाला दर सिग्नलला मेट्रोच्या नावाने बोटं मोडत असे. वॉर्डात पोचले की आधी फिनेलचा वास आणि मग पंख्याची घरघर. खिडक्यांना कोणी तरी जुन्या चादरींचे पडदे केले होते. त्यांतून ऊन गाळून यायचं आणि सगळा वॉर्ड फिकट केशरी दिसायचा. दुपारी जेवणं झाली की एकेक घोरणं सुरू व्हायचं. मला तो वॉर्ड त्या वेळी आवडायचा, हे सांगायला थोडं चमत्कारिक वाटतं, कारण तिथे बरं वाटून कोणी आलेलं नसे.

बशीरभाई आले ते ऐन हंगामात. स्वारगेटच्या अलीकडे एका गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे राहायचं घर. पावसाळाभर लोक ओलसर गाद्यांवर मुकाट झोपतात आणि दसरा आला की सगळ्या पेठांना एकाच दिवशी साक्षात्कार होतो की आपली गादी टणक झाली आहे. मग दुकानात बोलायला उसंत नसते. नेमक्या त्या दिवसांत त्यांना झटका आला. डावा हात बधिर झाला, डाव्या पायातला जोर गेला. बोलणं शाबूत होतं. "डावी बाजू जरा लांब गेलीये," असं ते सांगायचे, जणू ती बाजू गावाला गेली आहे.

पहिल्या दिवशी मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. झटका आल्यापासून स्वप्नं पडतात का? त्यांची मुलगी रेहाना शेजारी उभी होती. एका कंपनीत अकाउंट्सला होती, ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात होतं. माझा प्रश्न ऐकून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"येत नाही ती," बशीरभाई म्हणाले.

"कोण?"

"रेहानाची अम्मी."

बायकोचं नाव ते कधी घेत नसत. ती जाऊन काही वर्षं झाली होती. गेल्यापासून ती त्यांच्या स्वप्नात यायची. गुरुवारी संध्याकाळी तिच्या नावाने फातिहा द्यायचा, तिला आवडायची ती खोबऱ्याची वडी पुढे ठेवायची, मग गल्लीतल्या पोरांना वाटायची. त्या रात्री ती हमखास यायची, एरवीही मधूनअधून. घरातला कुठलाही मोठा निर्णय बशीरभाई तिला विचारल्याशिवाय घेत नसत. जुनं मशीन काढून नवं घ्यायचं ठरलं ते तसं, रेहानाला नोकरीवर पाठवायचं ठरलं तेही तसंच. सकाळी उठून चहा पिता पिता ते सांगायचे, "रेहानाची अम्मी हो म्हणाली." मग घरात कोणी वाद घालत नसे. आता झटका आल्यापासून ती एकदाही आली नव्हती. ती नाही आणि दुसरंही कुठलं स्वप्न नाही.

"नाराज आहे," ते म्हणाले. "अबोला धरलाय."

हा अबोला त्यांच्या ओळखीचा होता. हयात असतानाही ती कधी आवाज चढवत नसे. बिनसलं की बोलणं बंद. चहा समोर यायचा, भाकरी यायची, शब्द यायचा नाही. बशीरभाईंनी त्यावर स्वतःचा एक उपाय शोधला होता. ते तिची उशी उसवायचे, आतला सावरीचा कापूस बाहेर काढून हातांनी मोकळा करायचे, ऊन द्यायचे, पुन्हा भरून टाके घालायचे आणि गुपचूप जागेवर ठेवून द्यायचे. रात्री तिने डोकं टेकलं की ती म्हणायची, "मऊ झालीये." तेवढ्याने मिटायचं. माफी कोणी मागायची नाही, विषय कोणी काढायचा नाही.

वॉर्डातही त्यांनी तेच चालवलं होतं. रेहानाकडून तिची उशी मागवून घेतली होती आणि उजव्या हाताने कापूस मोकळा करत बसायचे. डावा हात नुसता उशीवर वजनासारखा ठेवलेला. सावरीचा कापूस तो, पंख्याखाली राहतोय कसला! समोरच्या खाटेवरच्या आजोबांच्या मिशीवर, सलाईनच्या नळीवर, सिस्टरच्या टोपीवर. "चाचा, हा वॉर्ड आहे, कारखाना नाही," सिस्टर करवादायच्या. "होय सिस्टर," म्हणून ते पंखा बंद करायला सांगायचे, आणि मग उकाड्याने बाकीचा वॉर्ड करवादायचा.

अबोल्याचं कारण मला रेहानाने सांगितलं, बाहेरच्या बाकावर बसून. तिचं लग्न ठरत होतं, तिच्याच पसंतीने. मुलाचं नाव सलीम, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्याची आई आणि रेहानाची अम्मी एके काळच्या जिवलग मैत्रिणी. मग कुणाच्या तरी लग्नात कुणाला आधी ताट वाढलं यावरून काहीतरी झालं आणि अम्मीने त्या घराशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. सलीमची माणसं बोलायला घरी आली तेव्हा बशीरभाईंनी या एका वेळी स्वप्नाची वाट पाहिली नाही. मुलीचा चेहरा पाहिला आणि सगळ्यांसमोर हो म्हणून टाकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत झटका आला आणि अम्मी यायची बंद झाली. बशीरभाईंनी दोन्हीची सांगड घातली आणि हो मागे घेतलं. सलीमच्या घरी निरोप गेला, थांबा. त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबू असं कळवलं. त्यापुढे त्यांचे मोठे लोक दुसरीकडे बघणार होते.

"मॅडम, तुम्ही सांगा ना त्यांना," रेहाना म्हणाली. "हे ब्रेनचं आहे. अम्मी नाराज वगैरे काही नाहीये. डॉक्टरनी सांगितलं की ऐकतील ते."

"मी डॉक्टर नाही गं."

"स्वप्नांच्या तर आहात ना?"

सरांना मी स्कॅनबद्दल विचारलं. त्यांनी पडद्यावर पेनाचं टोक ठेवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे पाहिलेलं, ऐकलेलं आणि हातांना जाणवलेलं एकत्र येऊन जागेचं चित्र तयार होतं, तिथे एक करडा डाग होता. "इथे लागलंय. चित्रच जुळत नाही, तर स्वप्न कुठून पडणार? साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. परत पडतील का, विचारलं तर म्हणाले, "काहींना पडतात, काहींना नाही. फिजिओ चालू ठेवा." सरांचं एक मला आवडायचं, जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं ते कधी बोलले नाहीत.

पण डाग दिसला म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही. माणसाला स्वप्न पडतच नाही, की पडतं आणि सकाळपर्यंत विसरतं, हे वेगळं काढावं लागतं. त्यासाठी डोक्याला तारा लावून झोपवायचं, पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागले की जागं करायचं आणि लगेच विचारायचं. हे काम लोक रात्री करतात. आम्ही दुपारी करायचो. आमच्याकडे रात्रीसाठी माणूस नव्हता आणि पुण्यात दुपारी गाढ झोपणारी माणसं मिळायला कधी अडचण पडत नाही. बशीरभाई तर मुरलेले दुकानदार. जेवण झालं, पाठ टेकली, की त्यांची झोप शटर ओढल्यासारखी लागायची.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. छोटी खोली, खिडकीला काळा कागद, बाहेर कुठेतरी गाडी मागे घेताना वाजणारी ती टुकार धून. ते कुशीवर झोपले होते. बऱ्याच वेळाने पापण्यांखाली बुबुळं हलू लागली, इकडून तिकडे, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. एरवी अशा वेळी जागं केलं की माणसं काहीतरी सांगतातच, निदान एखादा रंग, एखादा जिना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बशीरभाई, आत्ता काय चाललं होतं?"

त्यांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं. "काही नाही."

"अंधार होता?"

"अंधार असता तर अंधार होता म्हणालो असतो. काहीच नव्हतं."

मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, खूप आनंद झाला. झोप शाबूत, डोळ्यांची हालचाल शाबूत, आणि स्वप्न नाही. इतकं स्वच्छ उत्तर मिळायला संशोधक वर्षानुवर्षं थांबतात. तो आनंद माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार, कारण बशीरभाई उठून बसले, तारा तशाच लोंबत होत्या, आणि माझ्याकडे आशेने बघत म्हणाले, "आली होती का?"

त्यांना वाटलं होतं, त्या यंत्रात मला ती दिसली. मी नाही म्हणाले. ते पुन्हा आडवे झाले. मी त्यांच्या कपाळावरचा चिकट लेप ओल्या कापसाने पुसत राहिले. त्या दिवशी मला माझ्या कामाचा आनंद आणि लाज एकाच वेळी वाटत होती आणि दोन्हींत खोटं काही नव्हतं.

पुढे जो लेख छापून आला त्यात ते आहेत. रुग्ण, पुरुष, मेंदूच्या उजव्या बाजूला आघात, झोप नियमित, स्वप्ने नाहीत. तक्त्यातली एक ओळ. अबोल्यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता, आणि असता तरी त्यात काय लिहावं हे मला सुचलं नसतं.

मी बाईंकडे गेले. वेळेआधी पोचले म्हणून पायरीवर बसले. खाली झेरॉक्सवाल्याकडे कॉलेजची मुलं नोट्स काढायला दाटीवाटीने उभी होती आणि रस्त्यावरची शेवंती विकणारी बाई त्यांना बाजूला व्हायला सांगत होती. वर बोलावलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

"सांगून टाकावं असं वाटतं," मी म्हणाले. "डाग आहे म्हणून स्वप्न नाही. बायको रागावलेली नाही. मुलीचं लग्न होईल."

"मग सांगा की. मी कुठे धरून ठेवलंय?"

"पण मग ती जाते हो, बाई. रागावलेली बायको कधीतरी मऊ येते, बोलते. मेंदूत डाग आहे म्हटलं की कोणी रागावलेलंही नाही आणि कोणी यायचंही नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमचा तो कावळा आठवा," त्या म्हणाल्या.

तो कावळा मीच त्यांना पूर्वी कधीतरी सांगितला होता. माझे वडील गेले तेव्हा दहाव्या दिवशी ओंकारेश्वरापाशी पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर होते, पण खाली कोणी उतरेना. काकांनी मोठ्याने सांगितलं, वहिनींना आम्ही सांभाळू. कावळा ढिम्म. भावाने सांगितलं, घर विकणार नाही. तरी ढिम्म. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघू लागले. शेवटी सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि मी, शिकली-सवरलेली बाई, हात जोडून म्हणाले, "बाबा, मी पीएचडी अर्धवट सोडणार नाही." एक कावळा उतरला आणि शिवला. मला रडू फुटलं आणि मोकळं वाटलं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कावळ्यांना पीएचडीत इतका रस असतो हे मला नवीन आहे."

"तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं असतं, की कावळ्याला आधी भूक नव्हती आणि मग लागली, तर?" आता त्यांनी विचारलं.

"राग आला असता."

"खोटं असतं का ते?"

"नाही."

बाईंनी ते तिथेच सोडलं. मग म्हणाल्या, "ती स्वप्नात यायची तेव्हा काय बोलायची, हे विचारलंत त्यांना?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्हीही फोटोच पाहिलात," बाई म्हणाल्या, आणि माझी वेळ संपली होती.

मी दोन दिवस वॉर्डात त्यांच्या खाटेपाशी जायचं टाळलं. महिनाअखेर जवळ येत होती. रेहाना भेटली की काही विचारायची नाही, नुसती बघायची. तिच्या गळ्यातलं ते ऑफिसचं कार्ड उलटं असायचं आणि ते सरळ करायचंही तिला भान नसायचं. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसले. उशी अर्धी भरून झाली होती. मी त्यांना जेवढं खरं तेवढं सांगितलं. मेंदूच्या एका जागी रक्त पोचलं नाही, त्या जागेशिवाय स्वप्नाचं चित्र जुळत नाही, काहींना काही महिन्यांनी पुन्हा पडतात, काहींना पडत नाहीत, त्यांचं काय होईल हे मला सांगता येत नाही. त्यांना समजावं म्हणून मी म्हणाले, मशीनचा पट्टा तुटला की कापूस पिंजता येत नाही, तसं.

"पट्टा नवीन मिळतो, मॅडम," ते म्हणाले. "दांडेकर पुलाच्या अलीकडे."

मग बराच वेळ ते कापूस मोकळा करत राहिले. बोटांत घ्यायचे, ओढायचे, हलकेच सोडायचे.

"म्हणजे मग आधी यायची, तेही नुसतं मशीनच होतं का?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी घरी, रिक्षात, अंघोळ करताना त्याची उत्तरं जुळवली होती. ऐन वेळी एकही वापरावंसं वाटलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "यायला रस्ता मेंदूतून होता, एवढं माहीत आहे. कोण यायचं, ते मला कुठल्याही फोटोत दिसत नाही." त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून की माझी कीव आली म्हणून, कोण जाणे.

"ती यायची तेव्हा काय म्हणायची?" मी विचारलं.

"म्हणायची म्हणजे?"

"म्हणजे, मशीन घे, किंवा रेहानाला नोकरीला पाठव. कसं सांगायची?"

ते हसायला लागले, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं. आणि मग हसता हसता थांबले. उजवा हात कापसातच राहिला. "बोलायची नाही," ते म्हणाले. "येऊन बसायची. गादीच्या कडेला टाके घालायची. मी समोर बसायचो, तिच्याकडे बघत." त्यांनी हात कापसातून काढला. "सकाळी उठलो की मला माहीत असायचं काय करायचं. म्हणून मी म्हणायचो, ती हो म्हणाली."

"कधीच बोलली नाही?"

"कधीच नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं मीच बोलतोय की मग."

बाईंनी मला शिकवलेल्या गोष्टींत नुसतं ऐकणं एवढंच मला नीट जमतं. सगळे निर्णय त्यांचेच होते, अगदी पहिल्यापासून. मशीन त्यांनीच घेतलं होतं, मुलीला त्यांनीच धाडलं होतं. पण तिच्यासमोर बसल्यावर ते ठरवता येत होतं आणि तिच्या नावावर ते सांगता येत होतं. आता समोर कोणी बसायला नव्हतं. घाबरलेला माणूस मी वॉर्डात रोज बघते, पण इतका घाबरलेला क्वचित पाहिला आहे. हात जाण्यापेक्षाही हे मोठं होतं, असं मला त्या वेळी वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी मला बोलावणं पाठवलं. रेहानाला त्यांनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावली होती. ती खाटेच्या पायाशी उभी होती, कपाळावर घाम, ओढणी हातात चुरगळलेली. बापलेक एरवी आपसात दखनीत बोलायचे. त्या दिवशी बशीरभाई मराठीत सुरू झाले.

"मॅडमसमोर बोलतो, म्हणजे मला पुन्हा फिरवता येणार नाही," ते म्हणाले. "रेहाना, सलीमच्या घरी फोन कर. सांग, अब्बू हो म्हणतात."

रेहाना माझ्याकडे बघायला लागली. मग त्यांच्याकडे. "अम्मी आली होती?"

"नाही आली."

"मग मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला? ते ब्रेनचं आहे, अब्बू. अम्मी नाराज नाहीये."

"मॅडमचं खरं असेल," बशीरभाई म्हणाले. "त्यांनी खूप शिकून सांगितलंय. पण तुझी अम्मी नाराज आहे. मी ओळखतो तिला." रेहानाचा चेहरा पडला. त्यांनी उजवा हात पुढे केला, ती जवळ येईपर्यंत तसाच धरून ठेवला. "नाराज आहे तर असू दे. माझ्यावर आहे ना? तिला समजावणं माझं काम. तू त्यात पडू नको. तू लग्न कर."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. समोरचे आजोबा मिशीतला कापूस काढत दुसरीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, सरांच्या शास्त्राने हा गुंता सुटेल नाहीतर बाईंच्या शास्त्राने तरी. त्या माणसाने दोन्हींचं ऐकून घेतलं, दोन्हींना नाही म्हटलं नाही, आणि बायकोचा राग स्वतःजवळ ठेवून मुलीला मोकळं केलं. मी उगीचच सलाईनची नळी बघत होते.

रेहाना फोन करायला बाहेर गेली. बशीरभाईंनी भरलेली उशी रिकाम्या बाजूला, डावीकडे, सरकवायला मला सांगितली. मी ती नीट ठेवली. मग ते कुशीवर वळले.

"झोपतो आता," ते म्हणाले. "इतकी वर्षं नुसती बसून जायची. आज आली तर भांडायला तरी बोलेल."